मिरजेच्या यार्डातली बिनपाटीची गाडी

भाऊबीज झाली, बहिणी आपापल्या घरी परतल्या, की शाळेच्या सुट्टीचे आठ-दहा दिवस माझ्या हाती उरतात. यंदा ते रेल्वेला द्यायचे, हे मी आणि माझ्या मामेभावाने गणपतीतच ठरवून टाकलं होतं. तो कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. तिसरे आमचे काका. नात्याने ते आमचे कुणी नाहीत. मिरजेत गार्ड म्हणून सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी घर घेतलं. २०२२ साली रेल्वेने गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली, पण काका स्वतःला अजून गार्डच म्हणवतात.

बेत साधा होता. मिरजेहून सातारा, तिथून आदर्कीचा घाट आणि परत, होईल तितकं पॅसेंजरनेच. पण पहिल्याच दिवशी यार्डात एक गाडी दिसली आणि चारही दिवस आम्ही तिच्याबद्दलच बोलत राहिलो.

दिवस पहिला : मिरज

प्लॅटफॉर्म तिकीट काढून सकाळी पादचारी पुलावर गेलो. या पुलावर उभं राहिलं की मिरज काय आहे ते कळतं. एक मार्ग पुण्याला, एक कोल्हापूरला, एक बेळगाव-लोंढ्याला, एक पंढरपूर-कुर्डुवाडीला. रेल्वेच्या हिशेबात पुणे, सोलापूर आणि हुबळी हे तीन विभाग इथे एकमेकांना भिडतात. सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत तर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज या तिन्ही मापांचे रूळ या एकाच स्टेशनात होते. मी लहान असताना वडील मला त्यावरच गणित घालायचे: अडीच फूट, एक मीटर आणि साडेपाच फूट, कुठली गाडी कुठून येणार?

मालगाडीच्या वाघिणींपलीकडे, अगदी कडेच्या रुळावर, निळे डबे उभे होते. दहा मोजता आले. इंजिन नाही, दारं-खिडक्या बंद, आणि डब्यांच्या अंगावर जिथे पाट्या अडकवतात ते हूक रिकामे. कुठून कुठे जाणारी गाडी, याचा काही पत्ताच नाही.

“पॅसेंजरचा रेक आहे,” मामेभाऊ म्हणाला. रेक म्हणजे एका गाडीचे जोडून ठेवलेले सगळे डबे. “पण दादा, कुठली?”

यार्डात पाऊल टाकायचं नाही, हा काकांचा पहिला नियम. जे बघायचं ते पुलावरून आणि प्लॅटफॉर्मच्या टोकावरून, दुर्बिणीने नाहीतर कॅमेऱ्याच्या झूमने. तेवढ्यातही पुष्कळ वाचता येतं. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बनल्याचं साल. आम्हाला ०३, ०४, ०७ असे दिसले. हे जुन्या आयसीएफ बनावटीचे डबे. चेन्नईच्या पेरांबूरमधल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून, म्हणजेच आयसीएफमधून, या बनावटीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला, त्यानंतर इंजिनाने ओढायचे नवे डबे एलएचबी या नव्या बनावटीचे. आयसीएफ डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षं. म्हणजे २००३ चा डबा २०२८ पर्यंत.

डब्याच्या टोकाच्या भिंतीवर दोन तारखा रंगवलेल्या असतात. एक मोठ्या दुरुस्तीची, जिला रेल्वेत पीओएच म्हणतात. दुसरी परतीची, म्हणजे पुन्हा कारखान्यात कधी जायचं त्याची. मामेभावाने फोटो मोठा केला. परतीची तारीख पुढच्या मे महिन्यातली होती.

“म्हणजे मोडीत काढलेली नाही,” मी म्हणालो.

“मोडीत नाही. पण आज संध्याकाळी सुटायची पण नाही,” काकांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. “चाकाखाली बघ.”

चाकांना साखळी घालून कुलूप लावलेलं होतं आणि खाली लाकडी गुटके होते. उतारावर डबे आपसूक घरंगळू नयेत म्हणून हे करतात. एक फेरी संपवून दुसरीची वाट बघणाऱ्या गाडीला इतका बंदोबस्त कुणी करत नाही. शिवाय चाकाची जी कड रुळावर घासते ती रोज धावणाऱ्या गाडीची आरशासारखी चमकते. इथे तिच्यावर तांबूस गंज चढला होता. परतीच्या पावसाच्या दोन सरींत एवढा गंज येतो, त्यामुळे किती दिवस झाले ते नेमकं सांगता येईना. पण रुळालगतचं गवत पायरीपर्यंत आलं होतं, आणि गवत काही दोन दिवसांत वाढत नाही.

पुलाखालच्या टपरीवर चहा घेताना तीन तर्क झाले. मामेभावाचा सगळ्यात निराशेचा. जुन्या डब्यांच्या खिडक्या बुजवून, टोकाला दारं काढून, त्यांतून मोटारी वाहतात. एनएमजी नावाच्या त्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. हा रेकही तिकडेच चालला, असं त्याला वाटलं. माझा तर्क असा की एखाद्या पॅसेंजरची डेमू किंवा मेमू, म्हणजे वेगळं इंजिन न लागणारी डिझेलची किंवा विजेची गाडी झाली आणि तिचा जुना रेक मोकळा पडला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एकादशीला किती दिवस राहिले?”

कार्तिकी एकादशी आठ दिवसांवर होती. वारीसाठी मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जादा गाड्या सुटतात. त्या गाड्यांना डबे कुठून तरी आणावे लागतात, आणि ते आधीच आणून ठेवावे लागतात.

“पण एक लक्षात ठेवा,” काका उठता उठता म्हणाले. “उभी गाडी कुठली, हे नंतर. ती कुठं पळंना झालीय, ते आधी शोधा.”

दिवस दुसरा : मिरज ते सातारा

पुण्याकडे जाणारी पॅसेंजर पकडली. गाडी सुटताना मामेभाऊ दारातून त्या निळ्या डब्यांचे फोटो काढत राहिला. कालच्या वाघिणी हलल्या होत्या, त्यामुळे आज दुसरं टोकही दिसलं. तेव्हा आम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही.

सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी. दोन्हीकडे हळद आणि ऊस. ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या होत्या, रुळांलगतच्या रस्त्यावर बैलगाड्यांवर संसार बांधून माणसं चालली होती. किर्लोस्करवाडीला कामगारांचा एक घोळका उतरला. या स्टेशनचं मूळ नाव कुंडल रोड. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि गाव वसवलं, ते याच रेल्वेच्या कडेला. कारखाना इथेच का, याचं निम्मं उत्तर हे स्टेशन आहे, असं मी वर्गात मुलांना सांगतो.

ताकारीला एक आजी चढल्या. डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी, सोबत नात. कराडच्या बाजाराला चालल्या होत्या. काकांनी सरकून जागा दिली. आम्ही गाड्यांबद्दल बोलतोय म्हटल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या.

“कोरोनात गाडी बंद झाली तवा वडापनं जायची मी. मेथी इकून जे याचं ते वडापात जायाचं. मग गाडी आली, तर धा रुपयाचं तिकीट तीस झालं. आता परत धा झालंय. पर मास्तर, दोन-तीन वर्सं कशी काढली ती आमाला म्हाईत.”

त्या अगदी अचूक बोलत होत्या. मार्च २०२० मध्ये सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. पॅसेंजर परत आल्या तेव्हा बऱ्याच ‘विशेष’ म्हणून आल्या, नंबरापुढे शून्य आणि भाडं एक्सप्रेसचं. किमान तिकीट १० वरून ३० वर गेलं, ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पुन्हा १० झालं. १ जानेवारी २०२५ पासून शून्यही गेलं आणि पॅसेंजरना पुन्हा नेहमीचे नंबर मिळाले. ५ ने सुरू होणारा नंबर इंजिनाच्या साध्या पॅसेंजरचा, ६ ने मेमूचा, ७ ने डेमूचा. आमच्यासारखे लोक हे आकडे तोंडपाठ करतात. पण त्या आकड्यांनी मेथीच्या जुडीमागे किती उरतं ते ठरत होतं, हे मला या बाकावर बसून जितकं नीट कळलं तितकं एरवी कधी कळलं नव्हतं.

“कार्तिकीला जादा गाडी सुटणार हाय का ओ?” आजींनी काकांना विचारलं. “मिरजेपातूर जाऊन बसायचं म्हणतीय. आक्काला न्यायचंय, तिला यष्टी लागती.”

काकांनी मिरजेच्या डब्यांबद्दल काही सांगितलं नाही. खात्री नसलेलं प्रवाशाला सांगायचं नाही, ही त्यांची सवय. “विचारून ठेवतो आजी,” एवढंच म्हणाले. नातीकडे मोबाइल होता, तिचा नंबर मामेभावाने घेतला.

भवानीनगरला गाडी बाजूच्या रुळावर घेतली. बरीच थांबली. मग वंदे भारत निघून गेली. आठ डबे, दोन श्वास घ्यायच्या आत. सप्टेंबर २०२४ पासून पुण्याहून कोल्हापूर आणि हुबळीकडे ती धावते. तिच्याविषयी माझी तक्रार नाही, माझ्या आईला पुण्यात दवाखान्यात न्यायला ती फार उपयोगी पडली. मात्र त्या थांब्यात पॅसेंजरमधली माणसं ज्या सवयीने खाली उतरून उभी राहिली, ते पाहवलं नाही. कुणी विचारलं नाही की का थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं.

शेणोलीजवळ काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इथेच पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली होती. कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड यांच्यासोबत कुंडल भागातली तरुण पोरं होती. नोकरीच्या सगळ्या वर्षांत काकांनी शेणोलीला टोपी काढली आहे.

कराडला आजी उतरल्या. मसूर, तारगाव, रहिमतपूर, कोरेगाव करत दुपारी साताऱ्याला पोचलो. स्टेशन गावात नाही, माहुलीजवळ आहे. संध्याकाळी संगम माहुलीला जाऊन बसलो. कृष्णा-वेण्णेचं पाणी अजून गढूळ होतं. घाटावर फोटो बघत असताना काका एकदम म्हणाले, “थांब. मागं घे. हे शेवटचं टोक ना?”

फोटोत गाडीचं दुसरं टोक होतं. तिथे साधा डबा होता.

“एसएलआर कुठाय?”

एसएलआर म्हणजे सामान आणि गार्ड यांचा डबा. पॅसेंजरला तो दोन्ही टोकांना असतो, कारण गाडी परत फिरली की मागचं टोक पुढे होतं आणि गार्डला तर शेवटीच बसायचं असतं. एकाच टोकाला एसएलआर असला तर दर फेरीनंतर तो काढून पलीकडे नेऊन जोडावा लागेल. रोजच्या गाडीला हे कुणी करणार नाही. या रेकला काल पुलावरून दिसलेल्या टोकाला एसएलआर होता. या टोकाला नव्हता.

“उभी का आहे ते कळलं,” काका म्हणाले. “माझा डबा नाही तिला.”

दिवस तिसरा : आदर्कीचा घाट

आजचं वर्णन थोडक्यात करतो, कारण ज्याने हा घाट पाहिला आहे त्याला शब्द नको आहेत आणि ज्याने पाहिला नाही त्याने जाऊन बघावा. जरंडेश्वर, पळशी, वाठार. महाबळेश्वरला जाणारी मंडळी एके काळी या वाठारला उतरत. वाठार सोडलं की गाडी वळणं घेत आदर्कीकडे उतरते, इंजिन आणि शेवटचा डबा एकाच खिडकीतून दिसतात, मध्ये बोगदे येतात. सोनकी अजून काही उतारांवर टिकून होती.

लोणंदला उतरून परतीच्या गाडीची वाट बघत बसलो, आणि तिथे खरा वाद रंगला.

माझं म्हणणं असं होतं. एकेरी मार्गावर पॅसेंजरचा निम्मा जीव क्रॉसिंगमध्ये जातो. समोरून गाडी यायची, मग आपण सुटायचं. दुहेरीकरण झालं की समोरच्या गाडीसाठी थांबणं संपतं. वर विजेच्या तारा आल्या. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून पलीकडे जोडण्यात जाणारा वेळही वाचतो. म्हणजे ज्या फेऱ्यांना आधी तीन रेक लागत, त्या दोनमध्ये भागू शकतात. तिसरा मोकळा. मग उभा रेक ही वाईट बातमी कशाला मानायची?

“मग त्या तिसऱ्याची नवी गाडी का नाही काढत?” मामेभावाने विचारलं. तो चिडला होता. कराडला त्याच्या वर्गातली निम्मी मुलं रोज गावाहून येतात आणि शेवटच्या तासाला गाडीसाठी पळतात.

काकांनी उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलं. “डबे असले म्हणजे गाडी होत नाही. मार्गात जागा लागते, म्हणजे दोन गाड्यांच्या मधला वेळ. चालक आणि गार्ड लागतात, त्यांची विश्रांती धरून. शेवटच्या स्टेशनात धुवायला, खालून तपासायला पिटलाइन लागते. आणि ब्लॉक असला की यातलं काहीच मिळत नाही. दुहेरी रूळ जोडायला, सिग्नल बदलायला तासन्‌तास मार्ग बंद ठेवतात. तेव्हा आधी लांबची गाडी वाचवतात. पॅसेंजर अर्ध्यात संपवतात.”

मग सह्याद्री एक्सप्रेसचा विषय निघणारच होता. मुंबई-कोल्हापूर धावणारी ही गाडी २०२० मध्ये थांबली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये परत आली, ती पुणे-कोल्हापूर म्हणून. रात्री मुंबईत बसून सकाळी गावी पोचणाऱ्या कितीतरी घरांची ती गाडी होती, माझ्या मामाचंही घर त्यात आलं. एखादी गाडी बंद झाली की बातमी होते. तिचा मार्ग तोडला की ती वेळापत्रकात नावाने तशीच राहते, आणि म्हणून तिच्यासाठी कुणी भांडतही नाही. हे मला बंद होण्यापेक्षा जास्त लागतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो. याच लोणंदहून फलटणचा मार्ग झाला आणि ३० मार्च २०२१ ला, कोरोनाच्या दिवसांत, फलटण-पुणे डेमू सुरू झाली. ज्या गावाला काही वर्षांपूर्वीपर्यंत रेल्वेच नव्हती तिथून थेट पुण्याला गाडी निघाली. तीही याच काळात.

दिवस चौथा : पुन्हा मिरज

साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन सकाळीच निघालो. कराडला मामेभावाने उतरायला हवं होतं. उतरला नाही.

मिरजेत काकांचे जुने सोबती भेटले. यार्डात शंटिंग केलेले, आता निवृत्त. भडंगाची पुडी मध्ये ठेवून तिघं-चौघं बाकावर बसलो. काकांनी एसएलआरचं सांगितल्यावर ते हसले.

“बरोबर पकडलंस. स्पेअरचा रेक असतो तो. दुसऱ्या गाडीचा डबा कारखान्यात गेला की यातला काढून तिकडं लावायचा. माझ्या वेळंला असंच व्हायचं. एकेक डबा उसना द्यायचा, आणि शेवटी गाडी उभी. लोक म्हणायचे, एवढी गाडी फुकट उभी करून ठेवलीय. फुकट नसायची. चार गाड्या तिच्या जिवावर पळायच्या.”

त्यांनी २०१६ ची आठवण काढली. एप्रिलात लातूरला पाणी न्यायला कोट्याहून धुऊन-पुसून वाघिणी मिरजेत आल्या, तेव्हाही पुलावर अशीच माणसं उभी होती, या कशाला आल्या म्हणून. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी जाऊ लागली. “कृष्णेचं पाणी पंढरपूरच्या लायनीनं गेलं बघ,” ते म्हणाले. त्या लायनीचा त्यांना फार अभिमान. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९२७ साली मिरजेला पोचले. त्यांची आजी त्या छोट्या गाडीने वारीला जायची. पुढे तिथे ब्रॉडगेज आलं म्हणूनच लातूरपर्यंत पाण्याची गाडी जाऊ शकली.

“आणि आता हा रेक?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक? मी घरी असतो. पुलावर जा आणि बघा.”

गेलो. दुपार कलली होती. निळे डबे तिथेच होते, पण मामेभावाने आधी ते मोजले, तर दहाऐवजी अकरा भरले. परवाच्या फोटोत जिथे साधा डबा शेवटी होता, तिथे आता एसएलआर जोडलेला होता. रंग ताजा, बफर काळेभोर, टोकाच्या भिंतीवर पीओएचची तारीख याच महिन्यातली. चाकांखालचे गुटके निघाले होते. रुळालगतचं गवत एका बाजूला आडवं झालं होतं. दोन माणसं डब्यांखाली वाकून काहीतरी तपासत होती. या डब्यांना वीज त्यांच्याच चाकांवर फिरणाऱ्या जनित्रातून मिळते, फार दिवस उभे राहिले की बॅटऱ्या उतरतात, म्हणून त्या बाहेरून चार्ज कराव्या लागतात. तिसऱ्या डब्यात एक दिवा लागला. मग चौथ्यात.

“पंढरपूर?” मामेभावाने विचारलं.

काका दुर्बिणीतून हूक बघत होते. सगळ्या डब्यांचे हूक अजून रिकामेच होते. ताकारीच्या आजींच्या नातीचा नंबर मामेभावाने मोबाइलवर काढून ठेवला होता, पण काकांनी मान हलवली.

“आत्ता नको. उद्या साडेसहाला ये. पाट्या सकाळी लावतात. वाचू, आणि मग फोन कर.”